घर गावठाणात, पोट रानावर



मागच्या महिन्यात एक आजी वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन आली. दावा नामंजूर. कारण एका ओळीचं: दावेदार वनात राहत नाही. आजीचं घर गावठाणात, वावर फॉरेस्टात. ती म्हणाली, "रातची झोपते कुठं ते बघितलं, दिसभर राबते कुठं ते कोणी विचारलं नाही."

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण, कुठंही जा, घरं गावठाणात आणि नागली-वरई वरच्या रानात.

२००६ च्या वनहक्क कायद्यात वननिवासी आदिवासी कोण? जो मुख्यतः वनात राहतो आणि पोटापाण्यासाठी वनावर अवलंबून आहे तो. या "मुख्यतः राहतो" वरच सगळं अडलंय. कचेरीतले म्हणतात, घर जंगलात पाहिजे. आपण म्हणतो, राब भाजण्यापासून आवणी, राखण, कापणीपर्यंत आम्ही रानातच असतो, झापावर असतो, ते राहणं नाही तर काय?

याचा खुलासा दिल्लीच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ९ जून २००८ लाच केलाय. वनात वस्ती असेल किंवा पोटासाठी कसलेली जमीन असेल, आणि माणूस बराच वेळ तिथं झोपडीत नाहीतर शेतात काढत असेल, तर तो वनात राहणाराच. घर वनाबाहेर असलं तरी. शब्दाचे दोन अर्थ निघाले तर कायदा कशासाठी केला तेही बघायचं. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय.

म्हणून तीन कामं करा. एक, ग्रामसभेच्या ठरावात नुसतं "जमीन कसतो" लिहू नका. किती महिने रानात असतो, झाप कुठं, बांध कुठं, तेही लिहा. दोन, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून जोडा, नियमात तो पुरावा धरलाय. तीन, नामंजुरीचं कारण लेखी मागा. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करा. सोबत ९ जूनच्या खुलाशाची प्रत लावा.

मार्च २०१८ मध्ये पायाला फोड येईस्तोवर नाशिकहून मुंबईला चालत गेलो ते कसलेली जमीन नावावर व्हावी म्हणून. आता एका शब्दापायी ती जाऊ द्यायची नाही. आजीचं अपील गेलंय. तुमच्या घरातला कागद आजच बाहेर काढून वाचा.