पांढऱ्या सालीचा सोस

पारंपरिक चीजविषयी लिहिताना गावाचे नाव, गुरांची जात आणि चव यांची जंत्री दिली की विषय संपला, असा एक समज दिसतो. चीज हा मुळात विरजणाचा विषय आहे आणि विरजण सजीव असते, ही गोष्ट त्यात निसटते, असे आम्हांस वाटते.

फ्रान्समधील नॉर्मंडीचे कामाँबेर घ्या. 'कामाँबेर द नॉर्मंदी' या नावाला १९८३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. दूध कच्चेच हवे. दही ओगराळ्याने, मध्ये थांबत, किमान पाच थरांत साच्यात घालावे, इतका काटेकोरपणा! सालीवरच्या बुरशीचे वैविध्य मात्र कोणी राखले नाही. पूर्वी या सालीवर करड्या, हिरवट, निळसर छटा असत. विसाव्या शतकात त्या नकोशा झाल्या आणि पेनिसिलियम कॅमेम्बर्टी या बुरशीचा एकच शुभ्र वाण सर्वत्र रूढ झाला. त्याच्याच प्रती काढत राहिल्याने त्याची लैंगिक पुनरुत्पादनाची शक्ती गेली. आता बीजाणूही पुरेसे मिळेनात, असे फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये नमूद केले.

याउलट आल्प्समधील सॅव्हॉयचे 'ब्लू द तेर्मिन्यों' पाहावे. मोजकेच शेतकरी ते करतात आणि त्यात बुरशी बाहेरून घालत नाहीत. ती आपली आपण उगवते. निळी रेघ कुठे दाट, कुठे विरळ, कधी उमटतच नाही. ही बुरशी रोकफोरमधल्या बुरशीच्याच जातीची, पण आनुवंशिकदृष्ट्या निराळी आहे, असे संशोधकांना आढळले. ज्याला बाजार दोष म्हणेल, त्या अनियमिततेतच हा ठेवा टिकून राहिला.

दर वेळी तोच माल मिळावा, ही गिऱ्हाइकाची अपेक्षा गैर नाही, असे कोणी म्हणेल. स्वच्छतेची अपेक्षा रास्तच आहे. परंतु स्वच्छता वेगळी आणि शुभ्रता वेगळी; या दोहोंची गल्लत झाली, तिथेच परंपरेचा घात झाला. नावाला कायद्याने कितीही कुंपण घातले, तरी आतले जीवन एकसुरी झाले, तर ते कुंपण रिकाम्या वाड्याभोवतीचे ठरते. संशोधकांचा उपाय साधा आहे: रंगात, चवीत, पोतात थोडा फरक खपवून घ्या. कामाँबेर वाचवण्याचे काम आता नॉर्मंडीच्या गवळ्यांइतकेच खाणाऱ्यांच्या जिभेचे आणि डोळ्यांचेही आहे.