खड्ड्याचाही कागद मागा

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या वस्तीच्या तोंडाशी केबलसाठी चर खणला. दोन दिवसांचं काम आहे, असं मुकादम म्हणाला. केबल टाकून माणसं निघून गेली, चर मात्र राहिला. वर लोटलेली माती पहिल्याच पावसात खाली बसली. बाजूला ना पत्रे होते, ना दिवा. पहाटे पाण्यासाठी उठलेल्या शेजारच्या आजी त्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आजी पुन्हा आपल्या पायांनी गल्लीबाहेर आल्या नाहीत. त्यांचं करायला सुनेला कामाची दोन घरं सोडावी लागली. चर कुणी खणला होता, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण खणताना आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आरोग्याच्या पानावर रस्त्याच्या खड्ड्याचं काय काम, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं की रस्ता खोदण्याची परवानगी हा आरोग्याचाच कागद आहे. औषधाच्या चिठ्ठीसारखा तो वाचायला आपण शिकलं पाहिजे.

उघड्या चरात पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. खोदताना पाण्याच्या पाइपला धक्का लागला तर दुखणं आणखी खोल जातं. आपल्या वस्त्यांत पाणी ठरावीक वेळच येतं. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटलेल्या जागेतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत शिरतं. मग जुलाब, टायफॉइड, कावीळ गल्लीभर फिरते. पावसात खड्डा आणि रस्ता एक झाला की त्याच पाण्यातून आपण चालतो. पायाला जखम असेल तर उंदरांच्या लघवीतून लेप्टो होऊ शकतो. उन्हाळ्यात सिमेंट कापल्याची धूळ दमेकऱ्यांच्या छातीत जाते. ती आधी कुणाच्या छातीत जाते? तोंडाला नुसता रुमाल बांधून कटर चालवणाऱ्या मजुराच्या. तोही कुठल्या तरी वस्तीतलाच असतो.

हे टाळण्याचे नियम नवे नाहीत. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्यातच लिहिलं आहे की परवानगीशिवाय सार्वजनिक रस्ता उकरायचा नाही. परवानगी मिळाली तर खोदलेल्या जागेला कुंपण घालायचं, रात्री उजेड ठेवायचा आणि काम संपल्यावर रस्ता पूर्ववत करायचा. आज वीज, गॅस किंवा इंटरनेटची कंपनी पालिकेकडे अर्ज करते, कुठून कुठवर खोदणार ते दाखवते, चर बुजवण्याचे पैसे भरते. वाहतूक पोलिसांची ना-हरकत घ्यावी लागते. मग जी परवानगी मिळते तिच्यात जागा, लांबी, मुदत आणि अटी असतात. पावसाळ्यात तातडीच्या दुरुस्तीशिवाय नव्या खोदाईला सहसा परवानगी देत नाहीत. म्हणजे आमच्या दारातला तो चर पावसाआधी पक्का बुजायलाच हवा होता. आजी पडल्या त्या नशिबाने नव्हे, न पाळलेल्या अटीमुळे.

चांगल्या मानल्या जाणाऱ्या भागातही हे घडतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. पण भरपाई मागायची तर खड्डा कुठे, कधीचा आणि कुणाचा, हे सांगता आलं पाहिजे. तिथेच आपण अडतो.

आपण का विचारत नाही? मला वाटतं, आपल्याला कागद दाखवण्याची सवय आहे, मागण्याची नाही. झोपडीचा पुरावा दाखवा, १ जानेवारी २००० च्या आधीचा दाखवा, रेशनकार्ड दाखवा, जातीचा दाखला दाखवा. आयुष्यभर खिडकीच्या या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला फावडं घेऊन आलेल्याला "तुमचा कागद दाखवा" म्हणायला जीभ रेटत नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो १९२७ पर्यंत कागदावरच पडून होता. बाबासाहेबांनी लोकांना तळ्यावर नेलं तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. परवानगीतल्या अटींचंही तसंच आहे. आपण त्या मागितल्या नाहीत, तर त्या फाइलीतच राहतात.

म्हणून काम सुरू होताच तीनच प्रश्न विचारा: परवानगी कुणाची, मुदत कोणत्या तारखेपर्यंत आणि चर बुजवणार कोण? आतल्या गल्लीत काम असेल तर कार्यादेश विचारा. मोबाइलवर त्या कागदाचा आणि जागेचा फोटो काढा. पत्रे, दिवा नसेल तर मुंबईत १९१६ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. एक अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. कागद दाखवायला नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्याला १० रुपयांचं तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण उघडा खड्डा ३० दिवस थांबत नाही, म्हणून तक्रार आधी. आणि पाणी गढूळ आलं, वास आला, तर उत्तराची वाट न पाहता उकळूनच प्या.

"कटकट केली तर काम थांबेल, नळ लांबेल," असं वडीलधारे म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण आपण काम थांबवायला सांगत नाही. नळ हवा, केबलही हवी. आपण मागतो ते पत्रे, दिवा आणि बुजवलेला चर. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात.

आणि एक गोष्ट घरातली. रातोरात रस्ता फोडून नळाचं कनेक्शन ओढणारे आपणच. घर दुरुस्तीची रेती-विटा महिनाभर गल्लीत टाकणारे आपणच. जयंतीच्या मंडपासाठी बांबूचे खड्डे खणून तसेच सोडणारी मंडळंही आपलीच. दुसऱ्याकडे कागद मागायचा तर आपल्या मंडपाची परवानगी घ्यायला हवी आणि मंडप उतरला त्याच दिवशी खड्डे बुजवायला हवेत.

आमच्या महिला मंडळाने आता एक वही केली आहे. गल्लीत फावडं पडलं की तारीख, मुकादमाचं नाव, कंपनीचं नाव आणि मुदत त्यात लिहायची. ही कामं दोघी जणी वाटून घेतात. परवा गॅसवाले आले तेव्हा मुकादम आधी हसला, मग त्याने पिशवीतून कागद काढला. संध्याकाळी पत्रे लागले. आजी दारात खुर्चीवर बसून ते बघत होत्या. म्हणाल्या, "हे आधी सुचलं असतं तर, बाई..."

ती वही तुमच्याही गल्लीत सुरू करा. आजी पडायच्या आधी.