ठिपक्यांचा चौकोन

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले, तेव्हा शाळेची मोडकळीस आलेली इमारत गुरांचा गोठा आणि कोठार यांच्यामध्ये अंग चोरून उभी होती. मुलांच्या घरी कानडी बोलली जाई. त्यामुळे पुस्तकांची भाषा त्यांना परकी वाटे. डिसले यांनी पाठ मुलांच्या भाषेत उतरविले आणि पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन घातले. फोन त्यांच्यासमोर धरला की कविता ऐकू येई, गोष्ट सुरू होई. हाच तो क्यूआर कोड. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हा कोड मुळात शाळेसाठी जन्मलेलाच नव्हे. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद चटकन व्हावी, म्हणून १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. आज तो भाजीच्या गाड्यावर दिसतो आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही दिसतो. परंतु छापील अक्षर माणसाला वाचता येते, हे ठिपके मात्र केवळ यंत्राला वाचता येतात. त्यांच्याआड काय दडले आहे, हे मोठ्या विद्वानालाही नुसते पाहून सांगता येणार नाही. परितेवाडीची मुले कोड निःशंकपणे उघडीत, कारण तो त्यांच्या गुरुजींनी घातलेला होता.

बाजारात अशी खात्री नसते. दुकानदाराच्या कोडवर कोणी भामटा आपला कोड चिकटवितो, आणि पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. कोणी फोनवर कोड पाठवून म्हणतो, “तुम्हाला पैसे मिळायचे आहेत; हा उघडा आणि पिन घाला.” वस्तुतः पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो द्यावयाचे असतील तेव्हाच लागतो. एवढे एक ज्ञान घरात असले, तरी कितीतरी घरे नागवली जाण्यापासून वाचतील.

मुलांच्या हातून फोन काढून घ्यावा, असे काही पालक म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र अपुरा आहे. पूर्वी गावात ज्याला अक्षरओळख असे, तोच इतरांची पत्रे वाचून दाखवी. आता अनेक घरांत ते काम बारा वर्षांच्या नातवाकडे आले आहे. फोनवर काही आले की आजी त्यालाच हाक मारते. त्याला फोनपासून दूर ठेवले, तर आजीला सावध कोणी करावयाचे?

आणि तोच फसला तर? येथे वडीलधाऱ्यांची कसोटी लागते. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. ती लगेच केली, तर भामट्याने रक्कम काढण्यापूर्वीच ती अडविण्याची संधी असते. पण बोलणी बसतील, या धाकाने मूल सकाळपर्यंत गप्प राहते. मग सकाळी फोन करूनही पुष्कळदा खाते रिकामेच झालेले असते.