घर तुमचे, पत्ता त्यांचा

सॉफ्टवेअर मूळ संकेतावलीपासून बांधण्याच्या सूचना लिहिणाऱ्यांचा एक जुना दुर्गुण आहे: ते स्वतःच्या संगणकालाच जग समजतात. ‘होम डिरेक्टरीत जा’ एवढे लिहिले की कर्तव्य संपले! ती कोठे असते आणि कशी शोधायची, हे सांगायचे राहते. किंवा सरळ स्वतःच्याच घराचा पत्ता छापला जातो.

बुलढाणा जिल्ह्याचे नाव कोणी ‘बुलडाणा’ असेही लिहितो. तरी पत्र पोचते, कारण पोस्टमनला तारतम्य असते. यंत्राला ते नसते. म्हणूनच यंत्रासाठीचा पत्ता अंदाजाने लिहिणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

युनिक्स घराण्यात हा पत्ता ‘होम’ या व्हेरिएबलमध्ये असतो, विंडोजमध्ये ‘यूझरप्रोफाइल’मध्ये. पण टर्मिनलमध्ये चालणारे ‘डॉलर-होम’ मेकफाइलमध्ये तसेच उतरवले, तर ‘मेक’ डॉलरपुढचे एकच अक्षर व्हेरिएबल मानतो आणि घराचे उरते ‘ओम’! जावाचीही तीच कथा. विंडोजवर ती डेस्कटॉपचे फोल्डर शोधी आणि त्याच्या वरच्या फोल्डरला घर समजे. २००२ साली नोंदवलेला हा दोष दूर व्हायला २०१४ साली आलेली आठवी आवृत्ती लागली. पायथॉनने तर २०१९ साली, ३.८ या आवृत्तीत, विंडोजवर ‘होम’कडे पाहणेच सोडले. त्याआधीच्या सूचना मात्र आजही निष्ठेने नकलल्या जातात.

हे क्षुल्लक वाटत असेल, तर २०१५ आठवावे. लिनक्सवरील स्टीमच्या आज्ञावलीत एका फोल्डरचा मार्ग रिकामा राहिला आणि ‘त्यातले सर्व पुसा’ ही आज्ञा संगणकाच्या मुळापासून लागू झाली. लोकांच्या आयुष्यभराच्या फायली गेल्या.

‘शिकणाऱ्याने एवढे समजून घ्यावे’, असा युक्तिवाद होईल. तो मान्य नाही. शेगावात १९८३पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या जिल्ह्यात बुद्धीची वाण नाही. पण येथला विद्यार्थी विंडोजवर आपले नाव आणि आडनाव मध्ये जागा सोडून, कदाचित देवनागरीत, लिहितो. ‘मेक’ त्या जागेशी मार्गाचे दोन तुकडे करतो, आणि त्या मुलाला वाटते, आपल्यालाच हे जमत नाही. स्वतःचे नाव नीट लिहिल्याची ही शिक्षा! चूक सूचनेची, न्यूनगंड मात्र वाचणाऱ्याच्या पदरी.

मागणी मोठी नाही. घर कोठे आहे ते प्रणालीलाच विचारा. मार्ग अवतरणचिन्हांत ठेवा. उत्तर रिकामे आले, तर थांबा. आणि सूचना कोणत्या प्रणालीवर, कोणत्या आवृत्तीवर पडताळली, ते वर लिहा. एवढेही करायचे नसेल, तर तिला सूचना म्हणू नका. ती तुमची खासगी टिपणवही आहे, आणि तिच्या भरवशावर दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही.