आधी ‘कानोसा’ वाचा

स्तनपान सप्ताह 1 ऑगस्टला सुरू होतो, म्हणून या अंकात गरोदरपण, बाळंतपण आणि आहारावरची पुस्तकं. शहरात ‘नैसर्गिक बाळंतपण’ ही हौसेनं निवडायची गोष्ट झाली आहे. मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या धुक्यात बसून हा शब्द लिहिताना मात्र हात अडखळतो. भर पावसात कळा सुरू झालेल्या कोरकू आदिवासी बाईला निवड कसली? तिला हवी जाणती दाई, आणि अडलंच तर वेळेवर गाडी.

म्हणून यादीत पहिलं नाव डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’चं. गडचिरोलीच्या दोन गावांत 92 टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचं त्यांनी 1989 साली जगाला दाखवलं. हे पुस्तक बायकांचं ऐकून घेतं. आम्हा शहाण्यांना तेच जमत नाही. बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यावरचं ‘मेळघाटावरील मोहर’ त्यानंतर.

आहाराच्या पुस्तकांत बदाम फार. आपल्या कोदो-कुटकीसारख्या भरडधान्यांना तिथं जागा नाही, हा आमचा जुना राग.

पुस्तकं नंतर वाचा; पण बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला आईचा चीक पाजायचा, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, एवढं तरी आजच सांगा, वाचता न येणाऱ्या शेजारणीला.