पायऱ्यांपाशी थांबलेला कायदा

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांना सुगम करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले खरे. परंतु ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पळवाटही सोबतच ठेवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ती बुजवली, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना ५ वर्षांची मुदत दिली. ती २०२२ मध्ये संपली. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की, सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे.

या कायद्याची खरी कसोटी ताडकळससारख्या गावातच लागते. धनिकाला उचलून नेण्यास नोकर असतो. पायऱ्यांनी अडवलेला शेतमजूर मात्र हक्काच्या दाखल्यासाठीही दुसऱ्याचा मिंधा होतो. त्याला कायद्यावाचून आधार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब मागावा. आणि पंचायत, शाळा, दवाखाना येथे रॅम्प व्हावा असा ठराव मांडताना गावातील अपंग बांधव-भगिनी सभेत उपस्थित राहतील, याची व्यवस्था आधी करावी.