पक्ष्यांचा मोठा मेंदू

चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचे घर बांधणारा काऊ मूर्ख ठरतो. मेंदूशास्त्रानेही पक्ष्यांना बराच काळ अशीच वागणूक दिली, आणि तिचे पडसाद प्राणिशास्त्राच्या वर्गात अजून उमटतात. फळ्यावर मासा, बेडूक, सरडा, कबुतर आणि ससा यांचे मेंदू ओळीने काढले जातात. त्यांतला प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू, क्रमाक्रमाने फुगत जातो आणि उत्क्रांती ही एक शिडी आहे, असे विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसते. ही शिडी आता वर्गाबाहेर काढायलाच हवी.

तिचा पाया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकफर्टच्या लुडविग एडिंगर यांनी घातला. सस्तन प्राण्यांच्या मोठ्या मेंदूवर बहुतेक ठिकाणी सहा थरांची साल असते. पक्ष्यांत असे थर दिसत नाहीत, पेशींचे गठ्ठे दिसतात. सस्तन प्राण्यांत सालीच्या खाली, खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रे असतात. पक्ष्यांतले गठ्ठे म्हणजे याच केंद्रांचा विस्तार, असे एडिंगर यांनी मानले. म्हणजे पक्षी उपजत प्रेरणेवरच जगणार, विचार त्याच्या वाट्याला नाही. पुढे पॉल मॅक्लीन यांनी तळाशी सरपटणाऱ्यांचा, त्यावर भावनांचा आणि सर्वांत वर बुद्धीचा अशा तीन मजली मेंदूची कल्पना मांडली. कार्ल सेगन यांच्या १९७७ च्या ‘द ड्रॅगन्स ऑफ ईडन’ने ती जगभरच्या वाचकांपर्यंत नेली.

प्रत्यक्ष पुरावा मात्र वेगळेच सांगत होता. १९६०च्या दशकात हार्वी कार्टेन यांनी दाखवले, की डोळ्यांकडून आणि कानांकडून येणारे संदेश पक्ष्यांतही मोठ्या मेंदूच्या वरच्या भागात पोचतात, जसे ते सस्तन प्राण्यांत सालीत पोचतात. एडिंगर यांनी सांगितलेली केंद्रे खाली, लहानशा जागेत आहेत. हे सर्वमान्य व्हायला चार दशके गेली. २००२ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि २००४ मध्ये पक्ष्यांच्या मेंदूची नवी नामावली छापून आली.

खरा धक्का २०१६ मध्ये बसला. पक्ष्यांच्या २८ जातींच्या मेंदूंतल्या चेतापेशी मोजल्या गेल्या. डोमकावळ्याचा मेंदू जेमतेम १४ ग्रॅमचा, पण त्यात दोन अब्जांहून जास्त चेतापेशी निघाल्या. निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाच्या मोठ्या मेंदूच्या वरच्या भागात सुमारे १.९ अब्ज भरल्या. त्याच्या कित्येक पट वजनाचा मेंदू असलेल्या ऱ्हीसस माकडाच्या सालीत त्या १.७ अब्ज आहेत. पक्ष्यांच्या पेशी लहान आणि दाटीवाटीने बसलेल्या असतात. उलट आफ्रिकी हत्तीचा मेंदू माणसाच्या तिप्पट, पण सालीतल्या चेतापेशी ५.६ अब्ज, माणसाच्या १६ अब्ज. नुसत्या आकारावरून बुद्धी ठरवणे किती फसवे आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

माशांवरही असाच अन्याय झाला आहे. लँप्रे या जबडा नसलेल्या माशाचे पूर्वज सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी आपल्या वंशापासून वेगळे झाले, तरी त्याच्या मोठ्या मेंदूत दृष्टीसाठी वेगळा भाग सापडला आहे. म्हणजे मोठा मेंदू नंतर वर चढवलेला मजला नाही, तो आरंभापासून आहे. बांगडा, रोहू यांच्या भ्रूणात मेंदूच्या नळीच्या भिंती फुगून गोलार्ध बनण्याऐवजी बाहेरच्या बाजूला उलगडतात. सामान तेच, बांधणी निराळी.

सस्तन प्राणी आणि पक्षी यांचे वंश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. कोंबडी, पाल आणि उंदीर यांच्या पेशींची तुलना करून २०२५ मध्ये आलेल्या संशोधनानुसार, दोन्हीकडची संवेदनांची जाळी बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे घडली. कार्टेन यांना ती एकाच मुळातून आली असे वाटत होते, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण दोन्ही मतांत शिडीला जागा नाही.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच: हे पाच मेंदू एका ओळीत न काढता झाडाच्या पाच फांद्यांवर काढा, आणि कबुतराला सशाच्या खालची पायरी देऊ नका.